‘वर चढ’ म्हणणाऱ्याची जबाबदारी

(छपरांवरील कामे आणि त्यांतील अपघात या विषयावर एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याने दोंडाईचा परिसरातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आखाजी होऊन गेली की आपल्या भागात माणसाची नजर आपोआप वर जाऊ लागते. मिरचीच्या पथाऱ्या तोवर रिकाम्या झालेल्या असतात, जिनिंगचा हंगाम संपलेला असतो, शेतातील नांगरट-वखरणी उरकत आलेली असते आणि मृग नक्षत्र जवळ आलेले असते. मग सरपंचांना पंचायत कार्यालयाचे गळके छप्पर आठवते. मुख्याध्यापकांना गेल्या पावसाळ्यात भिजलेला वर्ग आठवतो. गोदामवाल्याला शेडचा तडकलेला पत्रा आठवतो. त्यातच एखादे दिवशी वळवाचे वादळ येते आणि दहा घरांचे पत्रे उडवून नेते. अशा वेळी सर्वांच्या तोंडी एकच वाक्य असते : “कोणाला तरी वर चढवा.” या ‘कोणाला तरी’ विषयी बोलण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे.

मी वैद्य नाही, वकीलही नाही. इमारतींच्या कामांत माझी नोकरी गेली. या विषयाशी माझा संबंध केवळ नोकरीपुरता नाही. तो का नाही, हे मी ओघात सांगेनच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक माणसे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील असतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रम लागतो. या आकड्यात न्हाणीघरात पाय घसरलेल्या वृद्धांपासून झाडावरून पडलेल्या मुलांपर्यंत सर्वजण आले. तो केवळ छपरांचा आकडा नव्हे, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. परंतु रस्त्यावरील अपघाताविषयी आपण जितके बोलतो, त्याच्या शतांशानेही या दुसऱ्या कारणाविषयी बोलत नाही. छपरावरून माणूस पडला म्हणजे आपण म्हणतो, त्याचा तोल गेला, त्याला भोवळ आली, किंवा त्याची वेळच भरली होती. या तिन्ही उद्गारांत एक गोष्ट समान आहे. त्याला वर कोणी पाठविले होते आणि काय देऊन पाठविले होते, हा प्रश्न त्यांत कोठेच येत नाही.

धाबे गेले, सवय राहिली

खानदेशातील जुने घर म्हणजे धाब्याचे घर. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर आणि सर्वांत वर चोपून बसविलेली माती. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारवट पांढरी माती नव्याने पसरावयाची, म्हणजे पाणी आत मुरत नसे. शिंदखेडा तालुक्यासारख्या कमी पावसाच्या मुलखाला हे छप्पर मानवणारे होते. पण धाबे हे नुसते छप्पर नव्हते, ते घराचे उघडे दालन होते. पापड, कुरडया आणि शेवया तेथे वाळत. मिरची तेथे पसरली जाई. उन्हाळ्याच्या रात्री सारे घर तेथे झोपावयास जाई. आपल्या पिढीतील पुष्कळांचे बालपण धाब्यावरच गेले आहे.

धाबे निर्धोक होते असे मात्र मी म्हणणार नाही. पावसाची झड लागली की भिजलेल्या मातीच्या ओझ्याने धाबी खचत आणि त्यांखाली माणसे सापडत. कठडा नसलेल्या कडेवरून झोपेत खाली आलेलेही होते. तथापि त्या छपराबरोबर एक शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. कोणती तुळई वाळवीने खाल्ली आहे, हे घरातील म्हाताऱ्याला ठाऊक असे. उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यावर काही झाकलेले असले तरी त्यावर पाय द्यावयाचा नाही, हे पोराला चालावयास लागल्याबरोबर शिकविले जाई. ज्याचे धाबे, तोच वर जाई. त्यामुळे धाब्याची नाडी त्याला कळत असे.

गेल्या दोन पिढ्यांत धाबी झपाट्याने गेली. त्यांच्या जागी लोखंडी पत्रे आले, सिमेंटचे पत्रे आले, स्लॅब आले. शाळा, पंचायत कार्यालये, समाजमंदिरे, जिनिंगच्या व धान्याच्या शेड यांवर तर पत्र्यांचेच राज्य आहे. छप्पर बदलले, पण छपरावर वावरण्याची आपली सवय बदलली नाही. पाऊस थोपविणारे छप्पर माणसाचा भारही पेलेल, हा धाब्यावर शिकलेला धडा आपण पत्र्यावर तसाच लागू केला. शिवाय आता ज्याचे छप्पर तो वर जात नाही. ज्याने ते छप्पर पूर्वी कधी पाहिलेलेही नाही असा रोजंदारीचा माणूस वर जातो. झरोक्याविषयीचे शहाणपण त्याला कोणी सांगत नाही.

सिमेंटच्या पत्र्याचे स्वरूप

नालीदार सिमेंटचा पत्रा साधारण सहा मिलिमीटर जाडीचा असतो. तो लोखंडी कैच्यांवर बसविलेल्या आडव्या पट्ट्यांवर टेकलेला असतो. ठेकेदार या पट्ट्यांना पर्लिन म्हणतात. दोन पट्ट्यांमधील अंतर १.४ मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार फुटांपर्यंत असते. या साडेचार फुटांत पत्र्याखाली काहीही नसते. पत्र्याचे काम वारा आणि पाऊस सोसणे एवढेच. लोखंडी पत्रा माणसाच्या भाराने वाकतो आणि वाकताना सूचना देतो. सिमेंटचा पत्रा वाकत नाही. तो एकदम फुटतो. ऊन, पाऊस, शेवाळ यांनी वर्षानुवर्षे तो अधिकाधिक ठिसूळ होत जातो आणि वरून मात्र तसाच दिसतो. गळती थांबविण्यासाठी त्यावर डांबर किंवा रंग लावला असेल तर जुन्या भेगाही दिसेनाशा होतात.

याहून फसवा प्रकार उजेडाच्या पत्र्याचा. शेडमध्ये प्रकाश यावा म्हणून मध्ये मध्ये पारदर्शक पत्रे घालतात. पाचसहा वर्षांत धूळ बसून, ऊन लागून ते शेजारच्या पत्र्यांसारखेच मळकट होतात आणि वर उभ्या असलेल्या माणसाला ओळखू येत नाहीत. धाब्यावरचा झरोका निदान एका जागी आणि सर्वांच्या ओळखीचा असे. शेडवरचा हा झरोका दडून बसलेला असतो.

अनुभवी मिस्त्री यावर एक उपाय करतात. पत्रे आकड्यांनी पर्लिनला आवळलेले असतात. त्या आकड्यांच्या वरच्या टोकांची रांग पाहून पर्लिन कोठे आहे ते कळते, आणि मिस्त्री त्या रांगेवरूनच चालतात. हे कसब पाहून मीही एके काळी कौतुक करीत असे. पण नीट विचार करा. हे दोरीवरून चालणाऱ्या डोंबाऱ्याचे कसब आहे. हात मोकळे असतील, वारा नसेल आणि मन ठिकाणावर असेल तोवरच ते चालते. हातात आठ फुटांचा पत्रा आला, तो वाऱ्याने फिरला, किंवा खालून कोणी हाक मारली म्हणून मान वळली, की पाऊल रांगेबाहेर पडते. आणि एक पाऊल पुरते.

एक अंदाजपत्रक

आता माझी गोष्ट सांगतो. १९८९ सालच्या जूनमध्ये एका खेड्यातील शाळेच्या दोन वर्गांचे पत्रे बदलावयाचे होते. मी त्या वेळी कनिष्ठ अभियंता होतो. अंदाजपत्रक मी तयार केले होते. जुने पत्रे काढणे, नवे पत्रे बसविणे, आकडे, वायसर, आढ्याचे पत्रे, भिंतीची डागडुजी, चुना, सारे बाबवार लिहिले होते. शाळा सुरू होण्यास आठवडा उरला होता आणि लवकर उरका असा तगादा मीच लावला होता.

काम करणारा कारागीर पस्तिशीच्या आसपासचा, पंधरा वर्षे हेच काम केलेला गृहस्थ होता. दुपारी दोनच्या सुमारास जुना पत्रा सोडवून तो वळला आणि त्याचा पाय शेजारच्या पत्र्याच्या मध्यावर पडला. मी खाली अंगणात होतो. मला पत्रा फुटल्याचा आवाज ऐकू आला. ओरडणे ऐकू आले नाही, कारण त्याला ओरडण्यास वेळच मिळाला नव्हता. वर्गातील एका बाकाच्या कडेवर तो पाठीवर पडला. आम्ही चौघांनी त्याचे हात व पाय धरून त्याला उचलले आणि बैलगाडीत घातले. ते आम्ही करावयास नको होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. तो वाचला, पण पुन्हा आपल्या पायांवर चालला नाही. त्याची पत्नी त्यानंतर मिरचीचे देठ खुडण्याच्या कामाला जाऊ लागली. देठ खुडणाऱ्या बायांच्या बोटांची काय आग होते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगावयास नको.

अपघाताचा अहवाल मला लिहावयाचा होता. मी लिहिले : ‘कारागिराच्या निष्काळजीपणामुळे तोल जाऊन अपघात घडला.’ माझ्या वरिष्ठांनी त्यावर सही केली, कागद फाइलीत गेला. कित्येक वर्षांनंतर दुसऱ्या एका कामासाठी ते जुने अंदाजपत्रक माझ्या हाती आले. मी त्यातील बाबी पुन्हा पुन्हा वाचल्या. पत्रा मोडू नये म्हणून तो कसा उतरवावा, याविषयी त्यात एक ओळ होती. माणूस कशावर उभा राहील याविषयी एकही ओळ नव्हती. दोन लाकडी फळ्यांचा खर्च त्या काळी एका नव्या पत्र्याहून अधिक झाला नसता. निष्काळजीपणा झाला होता खरा. तो जमिनीवर, टेबलाशी बसून, अपघाताच्या दोन महिने आधी झाला होता.

म्हणून माझे म्हणणे असे की छपरावरील अपघाताचा प्रतिबंध छपरावर होत नाही. माणूस वर गेल्यावर त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. दहा फुटांवरून पडणाऱ्याला जमिनीवर येण्यास पाऊण सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो आणि तो आपटतो तेव्हा त्याचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या घरात असतो. वीस फुटांची शेड असेल तर वेळ सुमारे १.१ सेकंद आणि वेग ताशी ३९ किलोमीटर. एवढ्या वेळात कोणी सावध होऊ शकत नाही, कशाला धरूही शकत नाही. ‘सांभाळून रे’ असे खालून ओरडणे ही आपली आपल्याच मनाची समजूत असते.

चढण्यापूर्वी

पहिला प्रश्न असा विचारावा की वर चढणे आवश्यक आहे काय? पत्रा बदलण्याचे पुष्कळसे काम खालून, परांची किंवा घोडी लावून करता येते. आकड्याची नटे गंजलेली असली तरी तो खालून कापता येतो. परांची बांधण्यास अर्धा दिवस जातो म्हणून ठेकेदार नाखूश असतो. त्याला तो अर्धा दिवस कामाच्या किमतीत मोजून द्यावा, म्हणजे तो नाखूश राहत नाही.

वर जाणे टळत नसेल तर फळ्या हव्यात. एक नव्हे, निदान दोन. कारण एकीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवावयाची असते. फळी तीन पर्लिनांवर टेकेल इतकी, म्हणजे सुमारे दहा फूट लांब आणि दीड फूट रुंद असावी. तिच्यावर फुटाफुटाच्या अंतराने आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असाव्यात आणि तिचे वरचे टोक आढ्याला दोराने किंवा आकड्याने अडकविलेले असावे. आपल्या गावच्या सुताराला हे एका सकाळचे काम आहे. अशा दोन फळ्या आणि एक चांगली शिडी प्रत्येक ग्रामपंचायतीने करून ठेवल्या आणि शाळेला, समाजमंदिराला, गावातील कोणाही माणसाला मागताक्षणी दिल्या, तर त्याला निराळी योजना लागणार नाही.

शिडीविषयी थोडेच सांगतो. तिचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर असावा, बारा फुटांना तीन फूट. ती छपराच्या कडेच्या वर निदान तीन फूट निघावी, म्हणजे उतरताना हाताला आधार राहतो. वरचे टोक बांधावे. छपरावरून पडणाऱ्यांपैकी कित्येकजण काम करताना नव्हे, तर छपरावरून शिडीवर पाय टाकताना पडतात.

कंबरेच्या पट्ट्याऐवजी आता साऱ्या अंगाला आवळणारे पट्टे मिळतात आणि ते अधिक चांगले. परंतु पट्टा दिला म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजू नये. दोर कशाला बांधला आहे? पत्र्याच्या आकड्याला बांधला असेल तर पत्र्याबरोबर तोही येईल. तो कैचीला बांधावयास हवा. आणि तो किती लांब आहे? बारा फुटांच्या छपरावर पंधरा फुटांचा सैल दोर म्हणजे नुसती शोभा होय.

वेळेचाही विचार करावा. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही. त्या वेळी वर असलेल्या माणसाला भोवळ आली तर तो त्याचा दोष नव्हे. काम सकाळी अकराच्या आत थांबवावे. वाऱ्यात आणि ओल्या पत्र्यावर तर कोणालाही चढवूच नये; वादळ थांबल्याबरोबर, पत्रे निथळत असतानाच आपण माणसे चढवितो, हे सर्वांत वाईट. छपराला चिकटून विजेची तार गेली असेल तर आधी वीजपुरवठा बंद करवून घ्यावा. पत्र्यात उतरलेल्या विजेचा हलका धक्काही उंचीवर प्राण घेतो, कारण तो माणसाला फेकतो. जुने सिमेंटचे पत्रे फोडून खाली टाकू नयेत, अखंड उतरवावेत. त्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसाला घातक असते. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे.

शिक्षक बंधूंना एक वेगळी विनंती आहे. पत्र्यावर गेलेला चेंडू, अडकलेला पतंग, तुंबलेली पन्हळ यांसाठी चपळ पोराला वर चढविण्याची पद्धत अजून कोठे कोठे आहे. शाळेतील मुलाला छपरावर पाठविण्याइतके कोणतेही काम निकडीचे नसते. संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवरील पतंगांविषयी आपण मुलांना सांगतोच. त्यात सिमेंटच्या पत्र्याविषयी दोन वाक्ये जोडावीत.

आता कठड्याविषयी. घरकुलाचा असो वा स्वतःच्या पैशाचा असो, स्लॅब पडला की पैसा संपतो. ‘कठडा पुढच्या वर्षी’ असे म्हणून गृहप्रवेश होतो आणि पुढचे वर्ष दहा वर्षे येत नाही. वरचा मजला कधीतरी चढवावयाचा म्हणून सळया तशाच आकाशाकडे पाहत उभ्या असतात. त्या बिनकठड्याच्या गच्चीवर बायका पापड घालतात, मुले अभ्यास करतात, रात्री माणसे झोपतात. धाब्यावरची सवय येथेही आली आहे आणि येथे ती स्वाभाविकही आहे. पंचायत सदस्यांनी घरकुलाची पाहणी करताना निदान विटेचा एक थर आणि त्यावर बांबूचा आडवा कठडा तरी झाल्याखेरीज समाधान मानू नये.

कायदा कोठवर पोचतो

या बाबतीत कायदे नव्हते असे नाही. कामावर असताना आणि कामामुळे झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने आपल्या देशात आणले. त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नसे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये उंचीवर काम करणाऱ्याच्या संरक्षणाची तरतूद होती. राज्याच्या कारखाने नियमांत तर ठिसूळ छपराचा स्पष्ट उल्लेख होता : तीन मीटरहून अधिक खोल पडण्याचा धोका असेल तेथे रांगण्याच्या फळ्या असल्याखेरीज आणि जबाबदार व्यक्तीने प्रत्येक वेळी लेखी परवाना दिल्याखेरीज माणसाला वर पाठवू नये. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हे सारे कायदे पुढे २०२० च्या श्रमसंहितांत सामावले गेले आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या.

परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. बांधकामाच्या सुरक्षिततेचा कायदा १९९६ पासून दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेचा विचार करीत आला आणि नव्या सुरक्षा संहितेतही दहा हाच सर्वसाधारण आकडा आहे. आपल्या गावातील छपराचे काम एक मिस्त्री, एक मजूर आणि खाली पत्रा देणारा पोरगा असे तिघे मिळून करतात. त्यांच्यापर्यंत निरीक्षक कधी येणार नाही. त्यांच्यापर्यंत पोचणारे शासन म्हणजे तुम्हीच.

भरपाईविषयीही असेच आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी झालेल्या कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर त्याच्या वारसांना पाच लाख रुपयांचे साहाय्य मिळते. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील वर्षभरात किमान ९० दिवसांचे बांधकामाचे काम एवढे लागते. सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला व त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा आधार आहे. उंचावरून पडून झालेला अपघात तीत बसतो. मृत्यू आल्यास दोन लाख रुपये मिळतात आणि प्रस्ताव तीस दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जावा लागतो. या दोन्हींच्या मधोमध जो उरतो, तो भूमिहीन आणि नोंदणी न झालेला मजूर; आणि बहुधा वर चढतो तोच. पंचायतीने गावातील मिस्त्री व मजुरांची यादी करून त्यांची नोंदणी पावसाळ्यापूर्वी पुरी करून घ्यावी.

अपघात घडला की तो झाकण्याकडे गावाचा कल असतो. ‘घरीच पाय घसरला’ असे रुग्णालयात सांगितले जाते, कारण मालक गावचाच असतो आणि औषधाचे पैसे त्याने कबूल केलेले असतात. पैसे दोन महिने येतात. मग ते थांबतात. आणि तोवर पंचनामा नसतो, नोंद नसते, मुदत निघून गेलेली असते. खरी हकीकत पहिल्याच दिवशी लिहिली जावी, यासाठी सरपंचाने किंवा पोलीस पाटलाने रुग्णाबरोबर एक माणूस पाठवावा. मी स्वतः काय लिहिले होते ते मी आपल्याला सांगितलेच आहे.

पडल्यानंतर

पडलेला माणूस बोलत असला, ‘मला काही झाले नाही’ म्हणत असला, तरी त्याला उठवून बसवू नये. जो पायांवर पडतो त्याच्या टाचेचे हाड मोडते, आणि टाच मोडलेल्यांपैकी काहींच्या कण्यालाही इजा झालेली असते; टाचेच्या वेदनेपुढे ती त्याला जाणवत नाही. हातपाय धरून उचलणे किंवा मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणे यामुळे कण्यातील मज्जारज्जू कायमचा निकामी होऊ शकतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून राज्यात आहे. तिला बोलवावे आणि तोवर त्याचे डोके व मान स्थिर धरून ठेवावी. हलविणे अटळच झाले तर चौघांनी मिळून, डोके, धड आणि पाय एका रेषेत ठेवून, त्याला एकदम कुशीवर वळवावे आणि खाली फळी सरकवावी. दाराची फळी चालेल. सुतळीची खाट चालणार नाही, ती मध्ये झोळते. छपरासाठी केलेली दहा फुटी फळी येथेही कामी येईल. पण ती या कामासाठी वापरण्याची पाळी न यावी म्हणूनच ती करावयाची आहे.

अलीकडे छपरांवर एक नवे काम आले आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, आणि दोंडाईचाच्या आसपास तर ऊन ही मुबलक वस्तू. घरांवर, शाळांवर, कार्यालयांवर सौर पट्ट्या बसत आहेत. हे चांगलेच आहे. परंतु पट्ट्या बसविणारा एकदा येऊन जातो. त्यांवरील धूळ मात्र वरचेवर धुवावी लागते. ती कोण धुणार? शाळेचा शिपाई, पंचायतीचा कर्मचारी, घरातील सून. बिनकठड्याची गच्ची, हातात पाण्याची नळी आणि पायाखाली साबणाचे पाणी, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. सौर पट्ट्यांच्या मागणीचा अर्ज भरतानाच कठडा आणि पक्का जिना यांची तजवीज करावी.

मी बराच वेळ घेतला. शेवटी, अंदाजपत्रके तयार करणाऱ्या आणि त्यांना मंजुरी देणाऱ्या मंडळींसाठी एक मजकूर लिहून आणला आहे. १९८९ मध्ये जी ओळ माझ्या कागदावर नव्हती ती ही. ज्यांना हवी त्यांनी उतरून घ्यावी आणि छपराच्या कोणत्याही कामात पहिली बाब म्हणून घालावी :

‘छपरावर काम करणाऱ्यांसाठी आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, दहा फूट लांब व दीड फूट रुंद अशा किमान दोन लाकडी फळ्या, वर व खाली बांधलेली शिडी, आणि कैचीस बांधावयाच्या दोरासह सुरक्षा पट्टे पुरविणे; उजेडाच्या पत्र्यांवर काम सुरू होण्यापूर्वी रंगाने खूण करणे; व काम पुरे होईपर्यंत छपराखालील खोली रिकामी ठेवणे. या बाबीची पूर्तता झाल्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत झाल्याखेरीज पुढील कोणत्याही बाबीचे देयक अदा करू नये.’

कोणाला प्रश्न विचारावयाचे असतील तर अवश्य विचारावेत.